आमरण, परवापर्यंत

"मंडप किती दिवसांसाठी पायजे?" मी विचारलं.

"आमरण," प्रतापराव डुबल म्हणाले.

"म्हणजे परवापर्यंत?"

"परवा दुपारपर्यंत. संध्याकाळी सोडवलास तरी चालंल."

माझ्या गोदामात कनातींच्या गठ्ठ्यावर बसून हे बोलणं चाललं होतं आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मंडपाचा धंदा माझ्या वडलांपासूनचा. तालुक्यात लग्न असो, उरूस असो नाहीतर तेराव्याचं जेवण, बांबू आम्हा मुलाण्यांचेच. अलीकडं त्यात उपोषणांची भर पडली होती, आणि धंद्यात प्रत्येक शब्दाचं माप ठरून गेलं होतं. 'लाक्षणिक' म्हणजे सकाळी बांधायचा आणि जेवायच्या वेळेला सोडायचा. 'साखळी' म्हणजे माणसं बदलत राहणार, खुर्च्या जास्त टाकायच्या. आणि 'आमरण' म्हणजे दोन दिवस, एक गादी, दोन लोड आणि मागच्या कनातीला एक फट. ती फट कुणी मागत नाही आणि कुणी विसरतही नाही. आत बसलेल्या माणसाला केळं, खजूर, बिस्किटाचा पुडा त्या वाटेनं पोचतो. आमच्यात रोजा पाण्याच्या घोटानंही मोडतो, त्यामुळं सुरुवातीला मला त्या फटीचं नवल वाटलं होतं. मग सवय झाली. धंद्यात नवल फार दिवस ठेवून परवडत नाही.

"बसणार कोण? तुम्हीच?"

"मला शुगर हाय," प्रतापराव म्हणाले. कृती समितीचे ते कायमचे अध्यक्ष. कृती कुठली ते हंगामानुसार बदले. "ह्या टायमाला वजनदार माणूस बसवतोय. खरमाटे गुरुजी."

मी हातातला सुंभ खाली ठेवला.

"त्यांना 'आमरण' म्हणून सांगितलंय?"

"बॅनरवरच लिवलंय की हातभर अक्षरात."

"मग प्रतापराव, बांबू जरा खोल रोवतो."

त्यांना तो विनोद वाटला. पोटभर हसून ते निघून गेले.

खरमाटे गुरुजींनी मला चौथीत शिकवलं होतं. मला म्हणजे अर्ध्या गावाला. त्यांच्या वर्गात "गुरुजी, जरा बाहेर जाऊ का?" म्हणून कुणी उठला की ते विचारत, "जरा म्हणजे किती?" पोरगा पाय आवळून उभा. "ओढ्यापर्यंत," असं काहीतरी सांगितल्यावर सुटका व्हायची. कितीजण वेळेत पोचले नाहीत, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाव वर्गात घेतलं. 'ताजी भाजी' अशी पाटी लावणाऱ्या माळणीला विचारलं, कधीपासून ताजी? 'कोणत्याही कार्यक्रमास मंडप मिळेल' ही माझी पाटी. तिच्याखाली उभं राहून म्हणाले, "दस्तगीर, दरोड्यालाही?" मी म्हटलं, "आगाऊ सांगितलं तर." ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी पेंटरला बोलावून 'कोणत्याही'च्या जागी 'घरगुती व सार्वजनिक' करून घेतलं. गुरुजींचं असं होतं. माणूस त्यांच्यावर चिडायचा आणि पाटी बदलायचा.

लोक त्यांना टाळत. लांबून दिसले की रस्ता ओलांडत. कारण साधं 'कसं काय, बरं आहे ना?' विचारलं तरी ते खरोखर कसं आहे ते सांगत.

ह्या वेळचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गावात सरकारी दवाखाना होता, इमारत होती, 'चोवीस तास सेवा' अशी पाटी होती. डॉक्टर उबाळे म्हणून एक तरुण बाई होत्या, पण त्यांच्याकडं दोन गावांचे दवाखाने, आणि आमच्या वाट्याला फक्त बुधवार. पावसाळ्याआधी कुंभार आळीतल्या एका पोरीला शुक्रवारी कळा सुटल्या. टेम्पोत घालून जिल्ह्याला नेताना वाटेतच ती बाळंत झाली. पोरगी वाचली, मूल नाही वाचलं. पेपरात ओरड झाल्यावर तालुक्याच्या कचेरीतून खुलासा आला : 'सदर रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी उपलब्ध आहेत.' गुरुजी तो पेपर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून आले होते. प्रतापराव त्यांना उपोषणाचं विचारायला गेले तेव्हा म्हणे गुरुजी एवढंच बोलले, "उपलब्ध ह्या शब्दानं ते मूल गेलं. बसतो."

बसायच्या आधी त्यांनी बॅनर वाचलं. मी शेवटची दोरी आवळत होतो.

"प्रतापराव, आमरण म्हणजे मरेपर्यंत. बरोबर?"

"म्हणजे तसं नाही गुरुजी. मागणी मान्य होईपर्यंत."

"तसं इथं लिहिलेलं नाही."

"ते लिवायचं नसतंय. समजून घ्यायचं असतंय."

"कुणी?"

ह्यावर प्रतापरावांनी माईक हातात घेतला. उत्तर नसलं की ते भाषण करत. भाषण संपल्यावर गुरुजींनी माईक मागून घेतला आणि सांगितलं की मरेपर्यंत किंवा पूर्णवेळ डॉक्टर मिळेपर्यंत, ह्यातलं जे आधी होईल तोवर मी पाण्याखेरीज काही घेणार नाही. टाळ्या पडल्या. लोकांना ते भाषणातलं वाक्य वाटलं.

दुपारी प्रतापरावांनी रिवाजाप्रमाणं फटीतून खजुराची पिशवी आत सरकवली. ती तशीच बाहेर आली. मग शहाळं आलं.

"नारळपाणी हाय गुरुजी. नावातच पाणी हाय."

"आपल्या पोस्टमनचं आडनाव वाघमारे आहे," आतून आवाज आला. "त्यानं किती मारले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, ठरल्या वेळी, नायब तहसीलदार शिंगटेसाहेब पत्र घेऊन आले. मागं शिपायाच्या हातात मोसंबीच्या रसाचा ग्लास, वर रुमाल. मी गाडी मागवून ठेवली होती. माणसं बांबू सोडायला तयार होती. साहेबांनी पत्र वाचून दाखवलं : पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी उपलब्ध करून देण्याबाबत योग्य ती कार्यवाही लवकरात लवकर करण्यात येईल. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर केले.

"लवकरात लवकर म्हणजे कधी?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणजे शक्य तितक्या लवकर."

"शक्य म्हणजे कुणाला?"

"वरच्या ऑफिसला."

"आणि योग्य काय ते कोण ठरवणार?"

"तेच."

गुरुजींनी पत्राची घडी घातली आणि दोन्ही हातांनी परत केली. "साहेब, ह्या कागदातला एकही शब्द कामावर आलेला नाही. सगळे रजेवर आहेत."

वर आलेले हात हळूहळू खाली गेले. शिंगटेसाहेब भले गृहस्थ होते. वीस वर्षांत त्यांनी असे कितीतरी रस पाजले होते आणि कुणी व्याख्या विचारली नव्हती. ते प्रतापरावांना घेऊन मंडपामागं आले. मी तिथंच होतो.

"हे खरंच बसलेत का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"साहेब, आमच्यात आजवर असं कुणी केलं नव्हतं," प्रतापराव म्हणाले. आवाजात माफीच होती. आणि शिपायाच्या हातातला ग्लास वाया जायला नको म्हणून त्यांनी तो तिथंच पिऊन टाकला. शुगरचं त्यांना नंतर आठवलं असावं.

मी गाडी परत पाठवली.

आता एक गोष्ट अशी झाली की जिचा विचार कुणीच केला नव्हता. उपोषणाला बसलेल्या माणसाला सरकारी डॉक्टरनं रोज तपासायचं, असा नियम. उबाळे डॉक्टर रोज सकाळी जीपनं यायला लागल्या. गुरुजींची नाडी बघायची, रक्तदाब बघायचा, वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीनं जाता जाता त्यांना गुडघा दाखवला. तिसऱ्या दिवशी मंडपापुढं रांग होती. कुणाला खोकला, कुणाला खरूज, कडेवरची पोरं, लेकीसुना. मी दोन बाकडी जास्तीची टाकली आणि एका बाजूला आडपडदा बांधून दिला. बुधवारशिवाय डॉक्टर न दिसलेल्या गावाला आता रोज डॉक्टर मिळत होता, तोही भरचौकात. लोक औषधाची चिठ्ठी घेऊन गुरुजींच्या पाया पडत आणि मनापासून सांगत, "तब्येतीनं घ्या गुरुजी. घाई करू नका." किराणावाल्या शेटे अण्णांच्या बायकोला सोमवारी टाके काढायचे होते. ते मला बाजूला घेऊन विचारून गेले, सोमवारपर्यंत गुरुजी आहेत ना? मी म्हटलं, इन्शा अल्ला.

मी माणसं जमाखर्चानं ओळखतो. गावाच्या जमेला डॉक्टर होता आणि खर्ची गुरुजी पडत होते. इतका स्वस्त सौदा गावानं आधी कधी केला नसेल.

गुरुजींच्याही ते ध्यानात आलं होतं. मला जवळ बोलावून म्हणाले, "मी आहे तोवर डॉक्टर आहे. ह्यालाच उपलब्ध म्हणतात काय, विचार साहेबांना." आवाज इतका बारीक झाला होता की मला कान तोंडाजवळ न्यावा लागला.

चौथ्या दिवशी ते उठून बसू शकले नाहीत. उबाळे डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि जिल्ह्याला हलवून सलाइन लावायला हवं म्हणून सांगितलं. गुरुजींनी मान हलवली. सलाइन म्हणजे मीठ आणि साखर, ते पाणी नव्हे. डॉक्टर पोरगी रडकुंडीला आली. जबरदस्ती करू का म्हणून तिनं शिंगटेसाहेबांना फोन लावला, साहेबांनी वर लावला, वरच्यांनी योग्य तो निर्णय घ्या असं सांगितलं.

प्रतापरावांचं तोंड आता पाहण्यासारखं झालं होतं. ते पेंटरला घेऊन आले आणि बॅनरवरचं 'आमरण' खोडून 'साखळी' करायला शिडीवर चढवलं. आपण स्वतः साखळीतली पुढची कडी व्हायला तयार आहोत, जेवणाच्या दोन वेळा सोडून, असंही त्यांनी जाहीर केलं. गुरुजींनी डोळे न उघडता बोट वर केलं. पेंटर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो शिडीवरून खाली उतरला.

"असा कसा हो हा माणूस," प्रतापराव माझ्यापाशी येऊन बसले. "शब्दाला धरून कुणी मरतं व्हय? शब्द काय, बोलायला असतात. मी परवा सभेत म्हटलं, ह्या गावासाठी रक्ताचं पाणी करीन. म्हणून काय लगेच बादली आणायची?" आणि हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "दस्तगीर, माझ्या बॅनरपायी मेला तर मी तोंड कुठं दाखवू?"

तोवर गुरुजींच्या घरच्या अनसूयाकाकू मंडपाकडं फिरकल्या नव्हत्या. बायका विचारत तेव्हा म्हणत, ते बसलेत, मी कशाला बसू, माझ्या मागं गाय आहे. त्या दिवशी ऊन कलल्यावर त्या मागच्या बाजूनं आल्या. हातात तांब्याचा तांब्या, वर वाटी झाकलेली. फटीपाशी थांबल्या.

"दस्तगीर, ह्यातनं तांब्या जाईना. जरा सैल कर."

मी दोन दोऱ्या सोडल्या. त्या आत गेल्या. आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. बाहेर प्रतापराव पदर पसरल्यासारखे हात करून उभे होते. त्यांना वाटत होतं काकू आता रडतील, शपथा घालतील, मंगळसूत्र पुढं करतील. तसं काही झालं नाही. काकू रिकामा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यापुढं त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी द्यायचं नाही. बाधतं त्यांना."

मग त्या रोज तीन वेळा यायला लागल्या. सकाळ, दुपार, दिवेलागण. गुरुजी त्यांच्याखेरीज कुणाच्या हातचं पाणी घेईनात.

पाचव्या दिवशी सकाळी गुरुजी लोडाला टेकून बसले होते. डॉक्टरांनी नाडी धरली, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, पुन्हा नाडी धरली.

"काय घेतलंत गुरुजी?"

"पाणी."

"फक्त पाणी?"

"हिनं आणलेलं."

उबाळे डॉक्टरांनी काकूंकडं पाहिलं. काकू कनातीकडं पाहत होत्या. डॉक्टरांनी वहीत 'पाणी' असं लिहिलं आणि रांगेतल्या पहिल्या पोराचा घसा बघायला घेतला. हुशार पोरगी. गावात मात्र बोलबाला झाला की ही तपश्चर्या आहे. बाहेरगावची माणसं बघायला यायला लागली. पेपरवाले आले. वरच्या ऑफिसात म्हणे अशी बातमी गेली की एका म्हाताऱ्या मास्तरनं 'आमरण' हा शब्द खरा धरलाय आणि तो उठतही नाही आणि मरतही नाही. कचेऱ्यांना अशा माणसाचं काय करायचं ते कुठल्याच नियमात सापडेना.

आठवडा उलटला तेव्हा शिंगटेसाहेब पुन्हा आले. ह्या वेळी पत्र लहान होतं. डॉक्टर उबाळे ह्यांच्याकडचा दुसऱ्या गावचा कार्यभार काढण्यात आला आहे. त्या पुढल्या सोमवारपासून फक्त ह्याच दवाखान्यात काम करतील आणि शक्यतो इथल्याच निवासस्थानी राहतील.

"मलाही आत्ताच कळतंय," उबाळे डॉक्टर मागून म्हणाल्या.

गुरुजींनी पत्र तीन वेळा वाचलं. "शक्यतो काढा."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि 'शक्यतो' खोडून बाजूला सही केली. नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच एखादा शब्द काढून टाकला असेल. त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं. रसाचा ग्लास पुढं आला. गुरुजींनी तो हातात धरला.

"हे काय आहे?"

"मोसंबीचा रस."

"साखर घातली आहे?"

"थोडी."

"मग सरबत म्हणा," असं म्हणून गुरुजी प्यायले.

डॉक्टर उबाळे पुढं चार वर्षं आमच्या गावी राहिल्या. कुंभार आळीतली ती पोरगी दुसऱ्या खेपेला गावातच बाळंत झाली. मुलगी झाली. प्रतापरावांची आंदोलनं अजून चालू आहेत, पण सगळी लाक्षणिक. 'आमरण' हा शब्द त्यानंतर तालुक्यात कुणी बॅनरवर घातलेला माझ्या पाहण्यात नाही. शिंगटेसाहेबांना मात्र सवय लागली ती लागलीच. निवृत्तीच्या समारंभात कुणी तरी 'साहेबांची उणीव सदैव भासेल' म्हणालं, तर ते माईकवर येऊन म्हणाले, पेन्शनचे कागद निघेपर्यंत भासू द्या.

मंडप मी गुरुजींनी सरबत घेतलं त्याच दिवशी सोडवला. कनाती उतरवताना फटीपाशी, लोडाच्या मागं, तो तांब्या सापडला. गडबडीत राहून गेला असावा. उचलला आणि आत डोकावलो. मग माझ्या माणसांना दुसऱ्या बाजूच्या दोऱ्या सोडायला पाठवलं आणि तांब्या रुमालात गुंडाळून गुरुजींच्या घरी गेलो.

काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी रुमाल सोडला. त्यांनी आधी तांब्यात पाहिलं, मग माझ्याकडं. तळाशी पांढरी साय धरली होती, तिला भाताची शितं आणि जिऱ्याचे दाणे चिकटले होते.

"आणि कुणी बघितला?"

"कुणी नाही."

"पाणीच होतं ते."

"भाताचं."

"भाताचं का असंना. आपण काय म्हणतो त्याला? भाताचं पाणीच म्हणतो की. मीठ आणि जिरं घातलं होतं. बाळंतिणीला देतात, तान्ह्या लेकराला देतात. कोण त्याला जेवण म्हणतं का?"

"प्रतापरावांनी नारळपाणी आणलं होतं काकू. हाकलून दिलं त्यांना."

"प्रतापरावाचं काय जाणार होतं?" काकूंनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "कुंकू माझं जाणार होतं. त्यांचा शब्द राहावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांनी राहू नये, असं कुठल्या शब्दात बसतंय?"

मला राहवलं नाही.

"गुरुजींना कळलं नाही?"

"आमटीत चिमूटभर मीठ कमी पडलं तर पन्नास वर्षं कळतंय त्यांना." त्यांनी तांब्या पदरानं बाहेरून पुसला. आतून तसाच ठेवला. "पहिला घोट घेतला आणि थांबले. माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, हे पाणीच ना? मी म्हटलं, पाणीच."

"मग?"

"मग प्याले."

एवढंच सांगून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. ज्या माणसानं नायब तहसीलदाराला 'शक्य म्हणजे कुणाला' विचारलं, त्यानं 'कसलं' एवढंही विचारलं नव्हतं.

आतल्या खोलीतून गुरुजींचा आवाज आला. "कोण आलंय?"

"मी दस्तगीर, गुरुजी. तांब्या द्यायला आलो होतो. मंडपात राहिला होता."

"रिकामा होता?"

काकूंचा हात सुपात थांबला. तांब्या आमच्या दोघांच्या मध्ये होता, शितांसकट.

"रिकामाच होता, गुरुजी."

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. चौथीपासूनची सवय. रिकामा म्हणजे? कशाकशानं रिकामा? मी आडवं उत्तरही जुळवून ठेवलं होतं. खाट करकरली.

"बरं," गुरुजी म्हणाले. "जाताना दार ओढून घे. अगदी लावू नकोस. जरा उघडं असू दे."

मी दार ओढलं. जरा म्हणजे किती, ते विचारलं नाही.